ठोका पहिल्या अर्ध्यावर

थांबा ताई, तिथं 'नाही' लिहू नका. त्या आठव्या ओळीत — 'रुग्णाला बोललेले समजते का' — तिथं. डॉक्टरांच्या कागदावर 'नाही' आहे, ठाऊक आहे मला, तो कागद मीच तुमच्या शुश्रूषा केंद्राला पाठवला, खाली सहीसुद्धा माझीच आहे. पण ते तेव्हाचं झालं. आता तिथं 'हो' लिहा — नुसतं 'हो' नको, 'सगळं समजतं' असं लिहा. जागा नाही? मग समासात लिहा, बाण काढा. चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्यांच्या समासात लिहीत आलो, त्यानं काही बिघडत नाही. गाडी यायला वेळ आहे ना अजून? अर्धा तास? मग बसा अशा — त्या बाकावर नको, तो एका पायानं अधू आहे, इकडं खुर्चीवर बसा. बायको तयार आहे आत. शेजारच्या बाई सकाळी येऊन तिचे केस विंचरून, कपडे बदलून गेल्या. बॅग पलंगाखाली आहे. दार नुसतं लोटलंय, आत सगळं ऐकू जातं, हे आधीच सांगून ठेवतो. पण म्हणून हळू बोलायची गरज नाही. या घरात आता तिच्या पाठीमागं काही बोलायचं नाही, असं ठरवलंय मी. उशिरा ठरवलं, पण ठरवलं.

भाषा? हां, ही पुढची ओळ. इथं काय लिहायचं ते माझंच मला कळत नाहीये. तिची भाषा आपलीच, दुसरी कुठली असणार — पण ती गेली, ताई. त्या दुखण्यात धुऊन निघाली. मला हाक मारायची 'अहो' म्हणून, तेही गेलं. केवढा शब्द आहे तो, दोन अक्षरांचा. चाळीस वर्षं दिवसातनं पन्नास वेळा कानावर पडायचा आणि मी पन्नासातल्या चाळीस वेळा 'काय आहे?' म्हणून खेकसायचो. तो गेला. पाणी गेलं, भूक गेली, पोरीचं नाव गेलं. आणि राहिलं काय? इंग्रजी. हसू नका — नाही, हसा, मलाही आधी हसू आलं होतं. इंग्रजीचे एकोणतीस शब्द राहिले. तिला इंग्रजी येतच नव्हतं हो. येत नव्हतं म्हणजे — मी तसं सगळ्यांना सांगायचो.

मी काय शिकवायचो ते दिसतंय ना भिंतीवर, अजून पुसलं नाही मी. इंग्रजी बोलायचे वर्ग होते माझे, ह्याच खोलीत. संध्याकाळी चार ते आठ, तीन तुकड्या. हॉटेलात उभी राहणारी मुलं, दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या मुली, परदेशी निघालेल्या नर्सेस — सगळ्यांना घाई, सगळ्यांची मुलाखत पुढच्या महिन्यात. व्याकरण त्यांना यायचं, अडायचं ते तोंडात. आपण कसं, सगळी अक्षरं एका पट्टीत म्हणतो, कुणाला वर नाही कुणाला खाली नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथं शब्दाचे आधी तुकडे पाडायचे, एका झटक्यात जेवढं तोंडातनं बाहेर पडतं तेवढा एक तुकडा, आणि त्यातल्या एकाच तुकड्यावर ठोका, म्हणजे जोर, द्यायचा, बाकीच्यांनी मान खाली घालायची. आणि दोन शब्द जुळून एक झाला असेल — टूथब्रश, रेनकोट, पोस्टमन — तर तोडायचं सांध्यावर आणि ठोका पहिल्या अर्ध्यावर. पोरं 'पोस-टमन' म्हणायची. मी म्हणायचो, अरे त्या बिचाऱ्याचे हातपाय कुठनं तोडताय, सांध्यावर तोडा. हशा पिकायचा. आणि मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचो — हे जोडशब्द नवरा-बायकोसारखे असतात, एकानं आवाज चढवायचा, दुसऱ्यानं खाली घ्यायचा, तरच संसार चालतो. त्याला तर हमखास टाळ्या. बायका जास्त हसायच्या. हे पार्टिशन बघा, प्लायवूडचं आहे, पलीकडं स्वयंपाकघर. फळा ह्याच्यावरच ठोकलेला. मी लाकडी पट्टीनं फळ्यावर ठोका द्यायचो, आणि पलीकडं तिचे चमचे टांगलेले असायचे खिळ्यांना, ते वाजायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं सांगितलं होतं, अहो, तुमच्या शब्दाशब्दाला माझे चमचे वाजतात. मी म्हटलं, चमचे दुसरीकडं टांग.

शिकवलं का नाही तिला? विचारणारच होतात तुम्ही, दिसलं मला. शिकवलं, चार दिवस. तिनंच विचारलं होतं — दुपारी तुम्हाला वेळ असतो, मला शिकवा ना. बसलो. हुशार होती, तीन दिवसांत दहा शब्द पाठ. चौथ्या दिवशी कबर्ड आला. लिहिताना 'कप' आणि 'बोर्ड' लिहायचं आणि म्हणताना 'कबर्ड' म्हणायचं, सांधा पार विरघळलेला असतो त्यात. तिनं वाचलं — कप-बोर्ड. मी म्हटलं, नाही, कबर्ड. ती म्हणाली, असं कसं, कप ठेवायची फळी म्हणून कप-बोर्ड, शब्दातच सांगितलंय की. आणि मी हसलो. नुसता हसलो असतो तर एक वेळ — मी त्या संध्याकाळी तिन्ही तुकड्यांना तो किस्सा सांगितला. 'आमच्या घरात काय म्हणतात माहितीय? कप-बोर्ड.' पोरं लोळायची बाकी राहिली. पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला होता एवढं आठवतंय. पाचव्या दिवशी ती आली नाही. मी विचारलं, आज बसायचं नाही का? म्हणाली, राहू द्या, माझ्याच्यानं नाही व्हायचं. मीही ताणलं नाही, दुपारची झोप मिळाली मला. पण किस्सा सोडला नाही. हातखंडा किस्सा झाला तो माझा. दर नव्या तुकडीला अकराव्या शब्दाला सांगायचो. सदतीस वर्षं. हिशेब करत नाही मी, पण तुम्हीच बघा किती वेळा तिनं तो ऐकला असेल, उभ्या उभ्या, त्या पार्टिशनमागं. आणि सांगू का — ती बरोबर होती. शब्दकोशात आहे. पूर्वी ती कप ठेवायची फळीच होती, त्यावरनंच तो शब्द आला. हे मला तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं मी, अगं बरोबर सुचलं तुला, एवढंच. नाही बोललो.

पाणी हवंय? नको? बरं.

दुखणं कसं आलं ते डॉक्टरांच्या कागदावर आहेच. सकाळची दहाची वेळ होती. मी इथं फळ्यावर यादी लिहीत होतो — वर्ग बंद होऊन दोन वर्षं झालीत, पण एक मुलगी येणार होती मुलाखतीची तयारी करायला, म्हणून लिहीत होतो. आत नळ वाहत होता. मी ओरडलो, नळ बंद कर. परत ओरडलो. मग रागानं ओरडलोच नाही, म्हटलं वाहू दे, काय ते पाणी वाया घालवायचंय ते घाल. यादी पुरी केली. मग उठलो, तर ती ओट्याला टेकून खाली बसलेली, तोंड एका बाजूला, आणि माझ्याकडं बघतेय. पाच मिनिटं गेली असतील मधे. पाच — डॉक्टरांना पाच सांगितली. तीस शब्द लिहायला, सुवाच्य अक्षरात, सगळे सांधे आखून, वीस मिनिटं लागतात. लिहू नका हो ते, ते कुठल्या ओळीत बसणार? मी आपलं सांगितलं.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात अठरा दिवस एक अक्षर नाही. घरी आणली. पोरगी आली होती, पंधरा दिवस राहिली, तिचं तिकडं सासर, नोकरी, दोन लहान मुलं, ती किती दिवस राहणार. मी शिकलो सगळं — कूस बदलायला, भरवायला. पंचाहत्तराव्या वर्षी माणूस शिकतो, न शिकून सांगतो कुणाला. एका सकाळी मी तिचे दात घासत होतो आणि ती म्हणाली — टूथब्रश. स्वच्छ. 'टूथ'वर ठोका, 'ब्रश' खाली. माझ्या हातातला ब्रश खाली पडला. ताई, तसा उच्चार माझ्या शंभर विद्यार्थ्यांत दहाजणांना जमला नसेल. मी म्हटलं, काय म्हणालीस? ती परत, टूथब्रश. मग रेनकोट. मग पोस्टमन. डावा हात मांडीवर आपटत, ठोक्याला ठोका देत, एकामागून एक — माझी यादी. माझी तीस शब्दांची यादी, माझ्याच क्रमानं. नोटबुक, बेडरूम, फुटबॉल. मी बोटांवर मोजतोय. दहावा शब्द हेअरपिन. मग तिनं हात एकदा मांडीवर आपटला, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं. एक ठोका रिकामा. मग बारावा शब्द, सनलाइट, आणि पुढं शेवटपर्यंत. मला वाटलं विसरली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अकराव्याला ठोका, शब्द नाही. अकरावा कुठला ते मी सांगायला नको तुम्हाला.

डॉक्टरांना सांगितलं मी. म्हणाले, होतं असं, पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या कप्प्यात राहतं, आकडे, वार, गाणी, ते तोंडातनं आपोआप बाहेर पडतं, अर्थाशी त्याचा संबंध नसतो. म्हणाले, पोपट म्हणतो ना, तसं समजा. समजही गेलेली दिसते, आशा ठेवू नका. त्यांचं वय माझ्या पोरीएवढं, बोलले मायेनं, मला राग नाही त्यांचा. आणि खरं सांगू का, मला ते पटून गेलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. समजत नाही म्हटल्यावर बरंच सोपं होतं हो माणसाला. आधी मी तिच्याशी बोलायचो, आज उन्ह आहे, आज पोरीचा फोन आला. ते हळूहळू बंद झालं. नळाशी कोण बोलतं? दिवसभर ती यादी. भरवताना यादी, पुसताना यादी, मी जरा डोळा लावला की यादी. माझेच शब्द, माझाच सूर, माझे थांबे — मी पोस्टमनच्या आधी जरा थांबायचो, पोरांचं लक्ष यावं म्हणून, तो थांबासुद्धा. एकदा मी ओरडलो तिच्यावर, पुरे म्हणून. ती थांबली. दुसऱ्या दिवशी परत सुरू.

मग पोरीचा फोन आला. ही आहे ती गोष्ट, ताई, बाकीचं सगळं मी इकडचं तिकडचं सांगत होतो. फोन पलंगाच्या कडेला ठेवून, स्पीकर लावून, मी टॉवेलच्या घड्या करत होतो. ती बिछान्यात, तोंड भिंतीकडं. पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही थकलात, तुमचा आवाज सांगतोय, मी त्या केंद्राची चौकशी केलीय, चांगलं आहे, मी बोलू का? मी म्हटलं, बोल. ती म्हणाली, आईला कसं वाटेल पण? आणि मी म्हटलं, तुझी आई आत नाहीये. घर उघडं आहे, माणूस निघून गेलंय, मागं नुसती टेप वाजतेय. ती रडायला लागली तिकडं, म्हणाली, असं नका बोलू. तर मी थांबायचं की नाही? मी म्हटलं, त्या दिवशी ओट्यापाशीच गेली असती तर बरं झालं असतं. तिचंही आणि माझंही. असं म्हणालो मी. टॉवेलची घडी करत म्हणालो. चार टॉवेल होते, चारी घड्या नीट झाल्या होत्या.

नाही, तिनं काही केलं नाही. मान वळवली नाही, काही नाही. म्हणून तर वाटलं, तिला पोचलंच नाही.

चार दिवसांनी, दुपारी. उन्ह डोळ्यांवर येतं म्हणून मी पडदे ओढले आणि बाहेर निघालो, तर मागनं ती म्हणाली — डार्क रूम. आता ऐका हं, हे नीट ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा भ्रमला. यादीत एकोणिसावा शब्द आहे डार्करूम. जोडशब्द, ठोका 'डार्क'वर, अर्थ काय तर फोटो धुवायची खोली. तो मी मुद्दाम घेतला होता, का, तर त्याच्या शेजारी मी दुसरं ठेवायचो — डार्क रूम, दोन सुटे शब्द, वजन 'रूम'वर, आणि अर्थ पार बदलतो. नुसती अंधारी खोली, कुठलीही. ठोका हलला की अर्थ हलला, हे पोरांना दाखवायला. पण ते तोंडी सांगायचो, एकदाच, यादीत ते नव्हतं. आणि तिनं वजन 'रूम'वर दिलं. डार्क — रूम. यादी नव्हती म्हणत ती. एकोणिसाव्याच्या आधीचे अठरा म्हणाली नव्हती. मला सांगत होती, खोलीत अंधार केलात तुम्ही. पोपटाला ठोका हलवता येत नाही हो, ताई. जे ऐकलं तेच तो म्हणेल. ठोका हलवायचा तर आत माणूस लागतं.

मी पडदे उघडले. पलंगाच्या कडेला बसलो. म्हटलं, तुला समजतंय? तिचे डोळे माझ्याकडं. मी म्हटलं, हो असेल तर कठड्यावर बोट एकदा वाजव, नाही असेल तर दोनदा. एकदा वाजवलं. मास्तर ना मी, एवढ्यावर कुठला विश्वास ठेवतोय. विचारलं, आपल्याला मुलगा आहे का? दोनदा. मुलगी? एकदा. मी डॉक्टर आहे का? दोनदा — आणि तोंडाच्या चांगल्या बाजूला बारीकसं काहीतरी झालं, हसू म्हणा. मला एवढा आनंद झाला, ताई, की मी पोरीला फोन लावायला उठलो. आणि फोन हातात घेतला तेव्हा आठवलं. मग परत बसलो. शेवटी विचारलं, परवा मी फोनवर काय म्हणालो ते ऐकलंस? तिनं बोट लगेच नाही वाजवलं. वाट बघायला लावली. मग वाजवलं, एकदा.

त्यानंतर यादी बंद. पंधरा दिवस झाले आज, एक शब्द नाही. ज्या यादीवर मी ओरडायचो ती ऐकायला आता मी दाराशी उभा राहतो. माफी मागितली का? मागितली तर. सकाळी मागितली, दुपारी मागितली, पाय धरून मागितली. नळाचं सांगितलं, वीस मिनिटांचं. कप-बोर्डचं सांगितलं, तू बरोबर होतीस म्हणून, शब्दकोश नेऊन पान उघडून दाखवलं. ती पान बघत राहिली, मग डोळे मिटले. मी विचारलं, रागावलीस? बोट हललं नाही. ना एकदा, ना दोनदा. काही प्रश्न असे असतात की त्यांचं 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, हे मी शिकवलं नव्हतं कुणाला, मला आता कळतंय.

मग सोमवारी तुमच्या केंद्राचा फोन आला, पलंग रिकामा झालाय म्हणून. मी तुम्हाला 'कळवतो' म्हणालो, आठवत असेल. 'नको' असंच सांगणार होतो. आत गेलो, म्हटलं, ते केंद्राचं मी रद्द करतोय हं, तू कुठं जायची नाहीस. तिनं दोनदा वाजवलं. मला वाटलं बोट घसरलं. म्हटलं, इथंच राहायचं ना आपल्या घरी? दोनदा. मास्तराची खोड, मी प्रश्न उलटा केला — तिकडं जायचंय तुला? एकदा. परत सुलटा केला, परत उलटा केला. चार वेळा विचारलं, चारी वेळा उत्तर तेच, आणि शेवटच्या वेळी तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं वाक्य तोडलं.

पोरगी म्हणते, बाबा, आईला तुमचा भार हलका करायचाय, ती तशीच आहे, तुमचे हाल बघवत नाहीत तिला. असेलही. चाळीस वर्षं तेच तर केलं तिनं. पोरीला बरं वाटतं तसं म्हणायला, म्हणू दे. एकदा वाटलं सरळ विचारावं — माझ्यासाठी चाललीस की माझ्यापासून? ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. उत्तराला एक बोट पुरतं, आणि तेवढं ऐकायची ताकद माझ्यात नाही. ती मला ठाऊक असलेल्या सगळ्या माणसांत शहाणी निघाली, ताई, आणि मला ते कळेपर्यंत तिच्याकडं मला सांगायला शब्द उरले नाहीत. जे एकोणतीस होते ते माझे होते, तेही तिनं परत केले.

द्या इकडं तो कागद, कुठं करायची सही? इथं? आणि इथं. झालं. तारीख तुम्ही घाला.

आता काही गोष्टी आहेत, त्या लिहून घ्या, पाठीमागं कोऱ्या बाजूला लिहा. तिच्या डाव्या हाताला बसा, उजवीकडनं बोललं की तिला मान वळवावी लागते. चादर बदलताना दोघीजणी आपसांत बोलतात ना, हिचं वजन वाढलं, हिचं काही खरं नाही — तसलं तिच्या अंगावरून बोलू नका, तिच्याशी बोला. प्रश्न एका वेळी एकच. विचारलं की थांबा, घाईनं पुढचं विचारू नका, ती वेळ घेते. दुपारी पडदे ओढायचे नाहीत. आणि कधी ती बोलायला लागली, ती यादी किंवा दुसरं काही, काहीही असलं तरी ऐकून घ्या. चुकलं तर सुधारू नका. हसू नका. तुम्ही हसणार नाही, तुमच्या तोंडावरनं दिसतं, पण नव्या मुली असतात, त्यांना सांगून ठेवा.

हॉर्न वाजला बहुतेक. हो, तुमचीच गाडी. भेटायला यायचे दिवस? बुधवार, रविवार, ते फोनवर सांगितलं होतं मला. पण ते मला नका सांगू. तिला विचारा. आठवडाभरानं विचारा, ती जरा रुळली की — ते यायचं म्हणतात, येऊ दे का? एकदा वाजवलं तर मला फोन करा, रात्री केला तरी चालेल, मी असतो. आणि दोनदा वाजवलं तर — तर फोन करू नका. एवढं करा माझ्यासाठी. फोन नाही आला की मी समजेन, तुम्ही तोंडानं सांगायला नको.

उठा आता. ती वाट बघत असेल. दाराशी जरा थांबा, मग आत जा. नाही, मी येत नाही, मी विचारलं होतं सकाळी, गाडीपर्यंत येऊ का म्हणून. मी इथंच बसतो. जा तुम्ही.